इंदूरला राहून रानावर, शिकारीवर लिहायचंय? सुरुवात अशी करा

आपल्या इंदूरच्या जुन्या मराठी घरांमधून शिकारकथा वाचत मोठी झालेली माणसं भरपूर भेटतात. रामबाग असो नाहीतर लोकमान्य नगर, कोणाकडे आजोबांनी जपलेले जुने अंक असतात, कोणाचे काका होळकरांच्या काळातल्या गोष्टी सांगत असतात. आणि ते वाचून-ऐकून ज्यांना स्वतः लिहावंसं वाटतं त्या पोरापोरींचा प्रश्न ठरलेला, की आता शिकार बंद, जवळ ताडोबा-कान्हासारखं मोठं जंगल नाही, ओळखी नाहीत, मग लिहायचं काय आणि पाठवायचं कुठे?

माझं म्हणणं एवढंच आहे की जुनी चांगली शिकारकथा काढून परत वाचा, त्यात बंदूक वाजते ती जेमतेम दोन-चार ओळी. बाकीची पानं माग काढण्यात, वारा कुठून येतोय ते बघण्यात, तासन्‌तास गप्प बसण्यात आणि सोबतच्या माणसांत गेलेली असतात. कथेचा जीव तिथे आहे. आणि ते सगळं आजही शिल्लक आहे, राजवाड्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. फक्त ते बघायची सवय लावून घ्यावी लागते, तीच कशी लावायची ते सांगतोय.

आधी कायदा, मग बाकी सगळं

हे कंटाळवाणं वाटेल पण यावाचून या विषयावर एक ओळसुद्धा लिहू नका. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि त्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नाही. फास लावणं, विष घालणं, हाकून आणणं, आमिष दाखवणं, पकडणं, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी मोडणं हे सगळं शिकारच धरलं जातं. 1991 च्या दुरुस्तीनंतर उरलीसुरली हौसेची शिकारही संपली. 2022 ला परत दुरुस्ती झाली, आधी सहा अनुसूची, म्हणजे प्राण्या-वनस्पतींच्या याद्या, होत्या त्या चार झाल्या, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आहे आणि दंड किमान 25,000.

हे लेखकाला कशाला हवं? कारण गावात बसल्यावर कोणीतरी फुशारकीत सांगणारच, की परवाच ससा मारला, तितर पकडले, या कधी जेवायला. नवीन लेखकाला वाटतं वा, काय मसाला मिळाला. नाही. ते जेवण जेवायचं नाही, ते कौतुकानं लिहायचं तर अजिबात नाही. शिकार हा विषय आज तीन अंगांनी लिहिता येतो: इतिहास म्हणून, चोरट्या शिकारीची बातमी म्हणून, आणि पिकाचं नुकसान सोसणाऱ्या शेतकऱ्याची बाजू म्हणून. तिन्हीत इतकं काम पडलंय की एक आयुष्य पुरणार नाही.

अजून एक गोष्ट. जुन्या घरात भिंतीवर वाघाचं कातडं किंवा सांबराची शिंगं दिसतात. त्याला मालकीचा दाखला लागतो, आणि ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांना 2003 साली 180 दिवसांची मुदत देऊन जाहीर करायला सांगितलं होतं. तेव्हा कोणाच्या घरातल्या अशा वस्तूचा फोटो आणि नाव छापायच्या आधी दाखला आहे का ते शांतपणे विचारून घ्या, नाहीतर ज्यांनी तुम्हाला प्रेमानं चहा पाजला त्यांनाच तुम्ही अडचणीत आणाल.

एकच जागा धरा

नवीन लोक पहिला पगार झाला की कान्ह्याची सफारी बुक करतात, जिप्सीतून वाघाची पाठ बघतात आणि त्यावर लेख लिहितात. असे लेख संपादकांकडे ढिगानं येतात. तुमच्या लेखात वेगळं काय असणार, सगळ्यांनी तोच वाघ तिथूनच बघितलेला असतो.

त्यापेक्षा जवळची एक जागा निवडा आणि वर्षभर तिथेच जात राहा. आपल्याकडे काय कमी आहे? सिरपूर तलाव शहरातच आहे, गंभीर नदीवरचं यशवंत सागर थोडं पुढे, दोन्ही 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. रालामंडलच्या टेकडीवर तर होळकरांचं शिकारगाहच उभं आहे, म्हणजे शिकारीच्या इतिहासावर लिहिणाऱ्याला सुरुवातीलाच एक आख्खा विषय हातात. महूच्या पुढे गेलात की मालव्याचं पठार एकदम संपतं आणि खाली निमाड दिसतं. जाम गेटला उभं राहून बघा, अहिल्याबाईंच्या काळातला 1791 चा दरवाजा आहे तो, तिथून विंध्याचा उतार कसा तुटलाय ते डोळ्यांत मावत नाही. जानापावला चंबळ उगम पावते. चोरलच्या खोऱ्यात साग आहे, पळस आहे, बिबटे आहेत, आणि 2023 च्या मे महिन्यात तर महूमध्ये लष्कराच्या आवारातल्या कॅमेऱ्यात चक्क वाघ दिसला होता. म्हणजे आपल्याकडे काही नाही हे डोक्यातून काढून टाका.

यातली कोणती घ्यायची? गाडी नसेल तर सिरपूर. पहाटे जाऊन ऑफिसच्या आत परत येता येतं, आणि जिथे पुन्हा पुन्हा जाता येतं तीच जागा चांगली. डोंगर हवा असेल तर महूच्या पुढे पातालपाणी-कालाकुंड ही छोट्या लाइनीची हेरिटेज गाडी आहे, एकदा त्यातून जाऊन खोरं वरून बघून घ्या, कालाकुंडचं कलाकंद खा, आणि मग कुठला ओढा धरायचा ते ठरवा.

एका जागी वर्षभर गेल्यानं काय होतं ते सांगतो. पहिल्यांदा तुम्हाला फक्त पाणी आणि पक्षी दिसतात. थोड्या महिन्यांनी कळायला लागतं की थापट्या बदकं कुठल्या कोपऱ्यात उतरतात, तलवार बदकं कधी आली, जांभळ्या पाणकोंबड्या कुठल्या बाजूच्या गवतात असतात, कोळी जाळं टाकायला कुठून येतो. मग ज्या दिवशी काही बदलतं ते तुमच्या आधी कोणाच्या लक्षात येत नाही. लेख तिथून सुरू होतो.

वही आणि पेन्सिल

मोबाईलवर नोट्स घ्या हवं तर, पण माझा सल्ला वहीच. खिशात मावेल अशी, आणि पेन्सिल, कारण पावसात शाई पसरते. प्रत्येक वेळी वरती तारीख, पोचल्याची वेळ, जागा, ढग आहेत की ऊन, वारा कुठून. मग जे दिसेल ते ज्या क्रमानं दिसलं त्याच क्रमानं. नाव माहीत नसेल तर नाव लिहू नका, वर्णन लिहा: चिमणीपेक्षा मोठा, पाठ राखी, शेपटी सारखी खालीवर हलवतो, दगडावर बसून परत त्याच दगडावर येतो. घरी आल्यावर पुस्तकात बघा. मर्लिनसारखं ॲप आवाजावरून नाव सुचवतं, चांगलं आहे, पण ते सुचवतं एवढंच, डोळ्यांनी बघितल्याशिवाय लेखात घालायचं नाही. आणि यादी ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवर, टाकत जा, पुढे दोन वर्षांनी ती कामाला येते.

ज्याकडे लोक दुर्लक्ष करतात ते म्हणजे वास आणि आवाज. मोहाची फुलं पडलेली असतात तेव्हाचा वास, पहिल्या पावसानंतर सागाच्या वाळलेल्या पानांचा वास, उन्हाळ्यात त्याच पानांवरून एखादी घोरपड गेली तरी मोठं जनावर चाललंय असं वाटतं. हे घरी येऊन आठवत नाही. तिथेच लिहावं लागतं.

माग वाचायला शिका

जुन्या शिकाऱ्यांकडून एकच विद्या घ्यायची असेल तर ही. आणि यासाठी वाघ लागत नाही, गावातलं कुत्रं आणि मांजर पुरतं.

ओढ्याच्या काठी ओली माती असते तिथे उकिडवं बसा. ठसा दिसला की आधी नखं बघा. मांजर जातीची जनावरं चालताना नखं आत ओढून घेतात, म्हणून बिबट्याच्या ठशात नखं नसतात. कुत्रा, कोल्हा, लांडगा, तरस यांची नखं उमटतात. मग मागची गादी बघा, मांजर जातीत तिच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात. तरसाचा पुढचा पाय मागच्यापेक्षा चांगला मोठा असतो, त्यामुळे त्याच्या मागात एक ठसा मोठा एक लहान असं दिसतं, नवखा माणूस दोन जनावरं गेली म्हणतो. ठशाशेजारी सहा इंची पट्टी ठेवून फोटो काढा, पट्टीशिवाय काढलेला फोटो कोणाच्याच कामाचा नाही.

आता खरी गंमत, ठसा केव्हाचा? रात्री दोन वाजता पाऊस थांबला असेल आणि ठशात थेंबांचे खळगे नसतील तर जनावर दोननंतर गेलं. थेंब पडलेले असतील तर त्याआधी. ठशाची कड अजून धारदार आहे की ढासळायला लागली? त्याच्यावरून मुंग्यांची वाट गेलीये का, एखाद्या किड्याची रेघ ठशाच्या आत उतरून बाहेर आलीये का? ठशात दबलेलं गवत परत उभं राहतंय का? असं वाचत वाचत गेलात की शेवटी तुम्ही म्हणू शकता, पहाटे चारच्या सुमाराला एक बिबट्या इथे पाणी प्यायला, पुढच्या पायावर भार देऊन बसला आणि पलीकडच्या काठानं वर गेला. जनावर दिसलंच नाही, पण परिच्छेद तयार झाला, आणि तो वाचणाऱ्याला जिप्सीतल्या वाघापेक्षा जास्त धरून ठेवतो, कारण त्यात वाचणाराही तुमच्याबरोबर शोधत असतो.

म्हाताऱ्या माणसांना गाठा, आणि लवकर गाठा

कायदा 1972 चा, म्हणजे त्याच्या आधी ज्यांनी शिकार बघितली, हाक्याला म्हणजे आरडाओरडा करत जनावर शिकाऱ्याकडे हाकायला गेले, ती माणसं आता ऐंशीच्या आसपास नाहीतर पुढे आहेत. हे काम पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखं नाही.

संस्थानिकांच्या शिकारींवर बरंच लिहिलं गेलंय. शिकारीच्या नोंदी इतिहासासाठी किती महत्त्वाच्या असतात त्याचं एक उदाहरण म्हणजे चित्ता. 1947 मध्ये कोरिया संस्थानच्या (आता छत्तीसगडमध्ये आहे ते) महाराजांनी एका रात्री तीन चित्ते मारले, तीच भारतातल्या चित्त्याची शेवटची पक्की नोंद मानतात, 1952 मध्ये तो देशातून संपल्याचं जाहीर झालं, आणि मग थेट 17 सप्टेंबर 2022 ला कुनोत आफ्रिकेतून आणलेले चित्ते सोडले. 2025 च्या एप्रिलमध्ये कुनोतले दोन चित्ते मंदसौरकडे गांधी सागरला आले. म्हणजे एका शिकारीच्या नोंदीपासून ते आपल्या मालव्यापर्यंत एक सलग धागा आहे.

पण ज्यांच्या जिवावर ती शिकार व्हायची त्यांची बाजू फार कमी लिहिलेली आहे. हाका करणारी माणसं कोण होती? आपल्या भागात भिल, भिलाला वस्त्या आहेत, त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा: हाक्याला किती माणसं लागायची, बोलावणं कोण आणायचं, पैसे मिळायचे की धान्य की काहीच नाही, जखमी जनावर अंगावर आलं तर कोणाकडे न्यायचं, मचाण कुठल्या झाडावर बांधायचे आणि का त्याच झाडावर. असे बारीक प्रश्न विचारले की माणूस खुलतो. "तुम्ही वाघ बघितला का हो" असं विचारलं तर ठराविक उत्तर येतं.

बसायचं कसं तेही सांगतो. पहिल्या भेटीत रेकॉर्डर काढू नका. दुसऱ्या भेटीत परवानगी विचारून चालू करा. ती माणसं मालवी, निमाडी, भिली बोलतात, तुम्ही मराठीत लिहिणार, तर त्यांचे जे शब्द नेमके आहेत ते तसेच ठेवा, मागेपुढे संदर्भ असा द्या की अर्थ आपोआप कळेल. आणि एकानं सांगितलेली गोष्ट दुसऱ्याकडून तपासा, साल तर नक्कीच. लोकांना साल आठवत नाही पण दुष्काळ, निवडणूक, कोणाचं लग्न हे आठवतं, त्यावरून साल काढता येतं.

शेतकऱ्याची बाजूही अशीच ऐका. मालव्यात नीलगाय, म्हणजे इथल्या भाषेत घोडारोज, हरभऱ्यात आणि गव्हात शिरते आणि एका रात्रीत काय करते ते शेताच्या बांधावर रात्रभर जागून बघा. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये शाजापूरच्या बाजूला हेलिकॉप्टर आणि बोमा (जनावरं हाकून आत घ्यायचं निमुळतं कुंपण) वापरून काळवीट आणि नीलगायी पकडून दुसरीकडे नेल्या. न मारता शेत वाचवायचा प्रयत्न होता तो. ज्याला शिकार आणि माणूस या नात्यावर लिहायचंय त्याला यापेक्षा ताजा विषय कुठला मिळणार?

लिहायला बसल्यावर

नवीन लेखकाची पहिली ओळ बहुतेक अशी असते: "निसर्गाच्या कुशीत, घनदाट अरण्यात, पक्ष्यांच्या मंजुळ किलबिलाटात आम्ही एका अविस्मरणीय थरारक अनुभवाला सामोरे गेलो." यात जागा नाही, वेळ नाही, एकही पक्षी नाही. हीच ओळ वहीत बघून लिहा: "चोरलच्या ओढ्यात फेब्रुवारीतच पाणी डबक्यांपुरतं उरलं होतं, आणि सहा वाजून गेले तरी एकही टिटवी ओरडत नव्हती." आता वाचणाऱ्याला प्रश्न पडला की टिटवी का गप्प आहे. तो पुढे वाचणार.

विशेषणं काढत जा. घनदाट, रौद्र, भयाण, थरारक हे चार शब्द तर मी माझ्याकडे लेख दाखवायला येणाऱ्यांना सरळ खोडायला लावतो. आणि जे घडलं नाही ते घालू नका. बिबट्या दिसला नसेल तर दिसला नाही. रानावरच्या लेखात वाचक तुमच्यावर विश्वास ठेवून बसलेला असतो, त्याला तपासायला जागाच नसते, त्यामुळे इथे खोटं लिहिणं जास्त वाईट.

पहिला लेख 800 ते 1000 शब्दांचा करा. एकच जागा, एकच सकाळ, एकच प्रश्न. सगळं ज्ञान त्यात ओतायचं नाही. लिहून झालं की चार दिवस ठेवा आणि मोठ्यानं वाचा, जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य तोडा.

विषय सुचत नसेल तर ऋतू धरा. पावसाळ्यात रतलामच्या पुढे सैलान्याला गवताच्या बीडात तणमोर येतो, तिकडे खरमोर म्हणतात, नर गवतातून माणसाएवढ्या उंच उड्या मारत राहतो. फार संकटात आलेला पक्षी आहे, तेव्हा वनविभागाला विचारून, लांबूनच. हिवाळ्यात तलाव. फाल्गुनात पळस. मे महिन्यात पाणवठे. मासेमारीवर लिहायचं असेल तर नर्मदेतला महाशीर आहे, मध्य प्रदेशचा राज्यमासा, आणि लक्षात ठेवा 16 जून ते 15 ऑगस्ट मासे पकडायला बंदी असते, अंडी घालायचा काळ असतो तो.

फोटो आणि जीव, दोन्ही सांभाळा

घरट्याचा फोटो छापायला देऊ नका, आणि दुर्मिळ पक्ष्याची नेमकी जागा लेखात लिहू नका, फोटोतलं लोकेशनही काढून टाका. अभयारण्यात ड्रोन नाही. पक्ष्यानं बघून मान वर केली की थांबा, पुढे जाऊ नका.

पावसाळ्यात धबधब्याच्या वरच्या पात्रात उतरायचं नाही म्हणजे नाही. 2011 च्या जुलैमध्ये पातालपाणीला वर पाऊस होऊन अचानक पाणी वाढलं आणि माणसं डोळ्यांदेखत वाहून गेली. इथे ऊन असतं, पाऊस मागे कुठेतरी पडत असतो. पायात बूट, हातात काठी, घरी सांगून जायचं की कुठल्या ओढ्याला आणि किती वाजेपर्यंत परत. खोऱ्यात उतरलं की मोबाईलची रेंज जाते, त्यामुळे निघायच्या आधी सांगा.

पाठवायचं कुठे

मराठी वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या, मासिकं, आणि दिवाळी अंक. दिवाळी अंकासाठी उन्हाळ्यातच विषय कळवा, गणपतीत पाठवलेला लेख बहुतेक पुढच्या वर्षावर जातो. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी मंडळांच्या स्मरणिका निघतात, तिथून सुरू करायला काहीच हरकत नाही. महाराष्ट्रातल्या संपादकाला मालवा आणि निमाड नवीन असतं, हा तुमचा फायदा आहे, तो पत्रात पहिल्याच ओळीत सांगा.

पत्र लहान ठेवा: विषय काय, मी तिथे किती काळ जातोय, किती शब्द, फोटो आहेत का. लेख युनिकोडमध्ये टाइप करा, जुन्या फॉन्टमध्ये पाठवला की तिकडे अक्षरांचा चुरा होतो आणि कोणी परत मागत बसत नाही. एकच लेख एका वेळी एकाच ठिकाणी. महिनाभरानं एकदा विचारा, तरी उत्तर नाही आलं तर दुसरीकडे पाठवतोय असं कळवून पाठवा. मानधन मिळेल का हे विचारायला लाजू नका, बऱ्याच ठिकाणी थोडं असतं, काही ठिकाणी नसतं, पण आधी माहीत असावं. आणि बाहेरून लिहिणाऱ्याचा हक्क लेखावर त्याचाच असतो, तो लिहून दिल्याशिवाय जात नाही, तेव्हा सही करायच्या आधी कागद वाचा, पुढे पुस्तक काढायचं झालं तर हेच लेख लागतील.

छापून आलं की अंकाची एक प्रत ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला नेऊन द्या. त्याला मराठी वाचता येत नसेल तर बसून हिंदीत सांगा काय लिहिलंय ते. तो म्हणेल हे बरोबर आहे, ते झाड मोहाचं नव्हतं साजडाचं होतं, आणि अजून एक गोष्ट तर तुला सांगायचीच राहिली. वही बरोबर घेऊन जा.